हलकी रायफल, जड स्कोप: वाचकांचे प्रश्न

दुर्बिणी, स्कोप आणि एकूणच भिंगांच्या वस्तूंबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राने बरीच जागा खाल्ली, पण विषयच तसा आहे.

प्रश्न: माझा मुलगा न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला नोकरी करतो. त्याने .३०८ कॅलिबरची हलकी बोल्ट रायफल (दर वेळी मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने ओढून भरायची) घेतली आहे, नुसत्या रायफलचं वजन २.४ किलो. तिथल्या डोंगरात थारच्या शिकारीला जायचं आहे; शस्त्राचा आणि शिकारीचा, दोन्ही परवाने आहेत. मित्राने त्याला ५-२५×५६चा (पॉवर ५ ते २५, पुढचं भिंग ५६ मिमीचं) स्कोप सुचवला, ‘पॉवर जास्त असली की लांबचं मारता येतं’ म्हणून. मी स्वतः तरुणपणी .२२ची नेमबाजी केली, पण स्कोप कधी वापरला नाही. त्याला काय सांगू? (वाचक, कोथरूड)

उत्तर: तो स्कोप घेऊ नकोस, एवढं आजच कळवा. बाकीचं सावकाश.

पत्र वाचून काहींच्या भुवया उंचावतील, म्हणून आधी थोडं थारविषयी. हा मूळचा आपल्या हिमालयातला प्राणी. १९०४मध्ये तो न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर नेऊन सोडला. तिथे त्याला खाणारं कोणी नाही, आणि उंचावरची नाजूक झाडंझुडपं तो फस्त करतो. तिथल्या सरकारने १९९३च्या आराखड्यात त्यांच्या संख्येला १०,०००ची मर्यादा घातली, आणि ती राखण्यात शिकाऱ्यांचाही वाटा असतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि थारचा दक्षिणेतला नातलग, निलगिरी थार, स्वतःच संकटात आहे. तेव्हा खालचं सगळं त्या डोंगरासाठी, मुळशीच्या रानासाठी नाही.

आता वजन. ५-२५×५६ जातीचा स्कोप रिंगांसकट (त्याला रायफलवर धरून ठेवणाऱ्या कड्यांसकट) सहज किलोभर भरतो. म्हणजे २.४ किलोची रायफल घ्यायला जे जास्तीचे पैसे मोजले, ते स्कोपने परत घेतले. त्यापेक्षा वाईट म्हणजे हे वजन रायफलच्या डोक्यावर बसतं. उतारावर पिशवीवर टेकवली की रायफल एका अंगाला कलते आणि ती सरळ धरण्यात मनगट थकतं.

दुसरी अडचण धक्क्याची. तीच गोळी, तीच बारूद, पण रायफल हलकी झाली की धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते: स्कोपसकट ४.१ किलोची रायफल २.८ किलोवर आणली तर जवळजवळ दीडपट. हा धक्का स्कोपलाही बसतो. रायफल झटक्यात मागे जाते, स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो, आणि त्याला ओढून नेण्याचं काम रिंगांवर पडतं. साडेतीन किलोच्या रायफलवर ४०० ग्रॅमचा स्कोप आणि २.४ किलोच्या रायफलवर ८०० ग्रॅमचा स्कोप यांची तुलना केली, तर दुसऱ्या जोडीत रिंगांवरचा ताण साधारण अडीचपट होतो. असे स्कोप रिंगेत मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे सरकतात. मग नेम का हलला म्हणून माणूस गोळ्यांना दोष देत बसतो.

म्हणून हलक्या रायफलवर स्कोप ४०० ग्रॅमच्या आत असावा, फार तर ४५०. या वजनात चांगले स्कोप मिळतात. ल्युपोल्डचा व्हीएक्स-३एचडी ३.५-१०×४० आणि स्वारोव्स्कीचा झेड३ ३-१०×४२ हे दोन्ही ४०० ग्रॅमच्या आत बसतात आणि दोघांची नळी एक इंची, म्हणजे २५.४ मिमीची आहे. ३० मिमीच्या नळीतून उजेड जास्त येतो हा समज चुकीचा आहे. जाड नळीत रेटिकल (आत दिसणारी नेमाची फुली) वर-खाली सरकायला जागा जास्त मिळते, एवढंच. ३०० मीटरच्या आत ती जागा लागत नाही.

पॉवर किती? थारची बहुतेक शिकार दीडशे ते तीनशे मीटरवर होते. तीनशे मीटरवर १० पॉवरने पाहिलं की जनावर तीस मीटरवर असल्यासारखं दिसतं. यापेक्षा जास्त कशाला? पॉवर वाढवली की हाताचा कंप आणि छातीचे ठोकेही तेवढेच मोठे होऊन दिसतात, चढून आल्यावर तर फारच. खालची पॉवर मात्र जपावी. ३ पॉवरला शंभर मीटरवर साधारण दहा-अकरा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १०ला जेमतेम साडेतीन. चालताना स्कोप नेहमी सर्वांत खालच्या पॉवरवर ठेवायचा. झुडपातून चाळीस मीटरवर जनावर उठलं आणि स्कोप १०वर असला तर भिंगात नुसती लव दिसते; खांदा कुठला, मांडी कुठली, काही कळत नाही. पॉवर वाढवायला वेळ मिळतो, कमी करायला मिळत नाही.

उजेडाचा हिशोब सोपा आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पॉवर म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ४०ला १०ने भागलं की ४ मिमी, ६ने भागलं की ६.७. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिमीपर्यंत उघडते, वय वाढलं की पाचच्या आसपास. म्हणजे दिवेलागणीला पॉवर ६-७वर आणली की चाळीसच्या भिंगातून डोळ्याला पेलेल तेवढा उजेड मिळतो. तोच ५६चा स्कोप २५ पॉवरला २.२ मिमीचा झोत देतो. संध्याकाळी त्यात राखाडी धूर दिसतो. शिवाय ५०-५६च्या भिंगाला रिंगा उंच लागतात, गाल दस्त्यावरून उचलला जातो, आणि मान अधांतरी राहिली की नेम दर वेळी वेगळा.

आय रिलीफ, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवता येतो ते अंतर, ९० मिमीपेक्षा कमी असेल तर तो स्कोप हलक्या .३०८वर नको. डोंगरात हे विशेष जपावं लागतं. पालथं पडून वरच्या दिशेला नेम धरला की दस्त्याची टाच खांद्यावरून खाली घसरते आणि डोकं आपोआप पुढे येतं. दुकानात उभं राहून सुरक्षित वाटलेलं अंतर इथे दोन सेंटीमीटरने कमी होतं. भुवईवर अर्धगोल खूण घेऊन फिरणारे शिकारी त्यातलेच. खूण भरून येते, पण चाप ओढताना डोळे मिटायची जी सवय लागते ती वर्षभर जात नाही.

रेटिकल साधं असू द्या: जाड बाहेरच्या रेषा, मधे बारीक फुली, फार तर खाली दोन-तीन खुणा. पॉवरबरोबर लहानमोठं होणारं पहिल्या प्रतलातलं रेटिकल लांबच्या स्पर्धांना ठीक; ३ पॉवरला ते कोळ्याच्या धाग्याइतकं बारीक होतं आणि झाडोऱ्यावर दिसतच नाही. दुसऱ्या प्रतलातलं, पॉवर बदलली तरी तेवढंच दिसणारं, घ्यावं, मात्र त्याच्या खालच्या खुणा सहसा सर्वांत वरच्या पॉवरलाच खऱ्या असतात, हे त्याने लक्षात ठेवावं.

पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलल्यावर नेम हलू नये म्हणून असलेली, बाजूची चकती लागेल का? नाही. १५० मीटरला बसवलेल्या ४० मिमीच्या स्कोपमधून ३०० मीटरवर पाहताना डोळा अगदी काठावर गेला तरी चूक होते २० मिमीची. डोळा बऱ्यापैकी मधे असेल तर एक सेंटीमीटरही नाही. तेवढ्यासाठी वजन वाढवू नये. टरेट (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे करायच्या चकत्या) उघडे असतील तर त्यांना कुलूप हवंच, नाहीतर झाकणवाले घ्यावेत. पिशवीला घासून टरेट फिरला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, ही डोंगरातल्या चुकलेल्या नेमांची अगदी नेहमीची गोष्ट आहे.

टरेट न फिरवता काम भागतं. .३०८ची १५० ग्रेनची (सुमारे १० ग्रॅमची) गोळी २०० मीटरला झीरो केली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवली, तर १०० मीटरवर ती पाच-सहा सेंटीमीटर वर लागते आणि ३००वर वीस-पंचवीस सेंटीमीटर खाली. अडीचशे मीटरपर्यंत मधे धरून मारावं, तीनशेला रेटिकलची खालची कुठली खूण धरायची ते पाठ असावं, आणि त्यापुढे गोळी झाडू नये.

चढउताराचं एक गणित मात्र तोंडपाठ हवं. गोळी खाली किती येणार हे आडव्या अंतरावर ठरतं, तिरक्या अंतरावर नाही. ३५ अंशाच्या उतारावर मोजलेले ३२० मीटर हे गोळीच्या दृष्टीने २६२च असतात (३५ अंशाची कोज्या ०.८२). वर मारा किंवा खाली, गोळी दोन्हीकडे अपेक्षेपेक्षा वरच लागते. खाली मारताना ती खाली लागेल असं समजून वर धरणारे बरेच असतात आणि पाठीवरून गोळी घालवतात. तीस अंशाला ०.८७, पंचेचाळीसला ०.७१, हे आकडे चिकटपट्टीवर लिहून दस्त्यावर लावावेत.

प्रश्न: माझ्या भाच्याने परदेशात अशीच हलकी रायफल घेतली आहे. स्कोप दुकानातून न बसवता घरी बसवायचा आहे. स्क्रू किती आवळायचे? (वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: ‘हाताला लागेल तेवढे’ हे उत्तर नाही. छोटा टॉर्क रेंच घ्यायला सांगा; स्कोपच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढून ठेवावा. बेसची (रिंगा ज्यावर बसतात त्या पट्टीची) भोकं आणि स्क्रू अॅसिटोनने पुसून तेल काढावं, बेसच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) एक थेंब लावावं. हलक्या रायफलला पोलादी पट्टी आणि पोलादी रिंगा नकोत. बेस आणि रिंग एकाच तुकड्यात असलेल्या अॅल्युमिनियमच्या रिंगांनी सव्वाशे-दीडशे ग्रॅम वाचतात आणि एक जोड कमी होतो. जोड जितके कमी तितकं सैल होणारं कमी. आता स्क्रूची लांबी. सर्वांत पुढचा स्क्रू लांब असला तर तो खाली रायफलच्या नळीच्या आट्यांना टेकतो. रेंच म्हणतो ‘आवळला’, पण बेस खाली बसलेलाच नसतो. बोल्ट घालताना मधेच अडकला तरी संशय याच स्क्रूंवर घ्यावा.

बेसचे स्क्रू साधारण २.२ न्यूटन-मीटर आणि रिंगांचे २. निर्मात्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. रिंगांच्या वरच्या टोप्यांना थ्रेडलॉक लावू नये: ते ओलं असताना वंगणासारखं काम करतं, स्क्रू ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो आणि स्कोपची पातळ नळी दबते. मग पॉवरची चकती जड फिरायला लागते. टोप्या आलटून-पालटून, थोड्या-थोड्या आवळाव्यात, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील अशा.

डोळ्याचं अंतर जुळवताना स्कोप सर्वांत वरच्या पॉवरवर ठेवावा, कारण तिथे डोळ्याला जागा सर्वांत कमी असते. जाड जाकीट घालून, पालथं पडून, समोर काहीतरी उंच पाहून जुळवावं. दिवाणखान्यात टीशर्टवर जुळवलेला स्कोप बर्फात दोन बोटं चुकतो. रेटिकलची उभी रेषा दोरीला लावलेल्या ओळंब्याशी जुळवायची. शेवटी रिंग आणि नळी यांच्यावर मिळून नेलपॉलिशची बारीक रेघ ओढावी. स्कोप सरकला की रेघ तुटलेली दिसते.

झीरो करताना आधी बोल्ट काढून रायफलच्या नळीतून २५ मीटरवरचा ठिपका पाहावा आणि रेटिकल त्यावर आणावं, म्हणजे पहिली गोळी निदान कागदावर पडेल. मग १०० मीटर. टरेटच्या पाव एमओएच्या एका क्लिकने तिथे सुमारे ७ मिमी सरकतं, ०.१ मिलच्या क्लिकने १० मिमी (एमओए आणि मिल ही कोनाची मापं). हलक्या रायफलची नळी पेन्सिलीसारखी बारीक असते, लगेच तापते आणि तापली की गोळ्या हळूहळू एका बाजूला जायला लागतात. तीन गोळ्या, मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. घाईत वीस गोळ्या झाडून केलेला झीरो हा तापलेल्या नळीचा झीरो असतो, आणि डोंगरात पहिली गोळी नेहमी थंड नळीतून सुटते. विमानप्रवासानंतर एकदा पुन्हा तपासावं.

प्रश्न: मुलगी बालेवाडीला १० मीटर एअर रायफल शिकते. तिला स्कोप घेऊन दिला तर गुण वाढतील का? (पालक, बाणेर)

उत्तर: स्पर्धेत चालणारच नाही. ऑलिंपिकच्या १० आणि ५० मीटर रायफल प्रकारांत दुर्बिणीचा स्कोप लावायला मनाई आहे. मागे बारीक भोकाची डायॉप्टर साइट आणि पुढे गोल कडी, एवढंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक त्याच साइटवर मिळवलं. पैसे खर्च करायचेच असतील तर नेमबाजीच्या चष्म्याची चौकट आणि डोळे तपासून घेतलेलं भिंग, आणि मापाचं जाकीट. बाकी तिच्या प्रशिक्षकांना विचारा.

प्रश्न: आमच्याकडे नळी मोडून भरायची एअर गन आहे, ४.५ मिमीची. शेतावर डबे आणि कागद मारतो. चांगला रायफल स्कोप लावला तर दोनशे छऱ्यांत रेटिकल तिरकं झालं. स्कोप खराब निघाला का? (वाचक, पौड)

उत्तर: स्कोप खराब नव्हता, जागा चुकली. गंमत अशी की स्प्रिंगची एअर गन छर्रा हलका मारत असली तरी स्कोपला .३०८पेक्षा वाईट वागवते. चाप ओढला की जड पिस्टन पुढे धावतो, बंदूक मागे येते. मग पिस्टन टोकाला आदळून थांबतो आणि बंदूक झटक्याने पुढे जाते. बंदुकीच्या गोळीसाठी बनवलेल्या स्कोपची आतली भिंगं मागच्या दिशेच्या धक्क्यासाठी अडवलेली असतात. हा उलटा धक्का त्यांना मोकळं करतो. म्हणून खोक्यावर ‘स्प्रिंग एअर गनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्यावा. त्याचं पॅरॅलॅक्स दहा मीटरपर्यंत खाली येणारं हवं. शंभर मीटरला बसवलेल्या स्कोपमधून दहा मीटरवरचा डबा धूसर दिसतो आणि डोळा हलला की नेमही हलतो.

एअर गनच्या ११ मिमीच्या खाचेवर रिंगा मागे सरकत जातात, त्यासाठी मागे खुंटीचा स्टॉप लागतो. तो नसेल तर कितीही आवळा. आणि नवा स्कोप घेण्याआधी दस्त्याचे स्क्रू तपासा. या बंदुकांत ते शंभर-दीडशे छऱ्यांत सैल होतात, आणि निम्म्या ‘बिघडलेल्या’ स्कोपचं मूळ तिथेच असतं. बंदूक घट्ट आवळून धरू नका, डावा तळवा उघडा ठेवून त्यावर टेकवा. क्लिक संपेपर्यंत फिरवूनही छर्रा खालीच लागत असेल तर नळी बिजागरीपाशी किंचित झुकलेली आहे. मागून उंच असलेला माउंट मिळतो, तो लावा.

शस्त्र नियम २०१६प्रमाणे ४.५ मिमी आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर गनला परवाना लागत नाही, खरं. पण ती होल्यावर किंवा माकडावर रोखली की विषय वन्यजीव कायद्याचा होतो. डबेच मारा.

प्रश्न: अमेरिकेतला चुलतभाऊ पुण्याला येताना त्याचा जुना ३-९×४० रायफल स्कोप आणतो म्हणाला. सिंहगडावर पक्षी बघायला चालेल? पावसाळ्यात बुरशी लागते म्हणतात, तेही सांगा. (वाचक, धायरी)

उत्तर: आणू देऊ नका. अमेरिकेतून रायफल स्कोप बाहेर नेण्यावर निर्यात-नियंत्रण आहे. ‘बॅगेत टाकला’ इतकं ते सोपं नाही. शिवाय पक्ष्यांसाठी तो निरुपयोगी आहे. एकाच डोळ्याने पाहायचं, डोळा नऊ-दहा सेंटीमीटर मागे हवेत स्थिर धरायचा, आणि ९ पॉवरला शंभर मीटरवर चारेक मीटरचा पट्टा दिसणार. ८×४२च्या साध्या दुर्बिणीत तोच पट्टा तेरा-चौदा मीटरचा असतो. झाडीतून झाडीत उडणारा स्वर्गीय नर्तक तुमच्या स्कोपमध्ये फक्त शेपटीपुरता येईल. ८×४२ घ्या, १०×४२ हात स्थिर असलेल्यांसाठी. भिगवणला फ्लेमिंगो बघायला तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप हवा, पण ६० पॉवरच्या मोहात पडू नका. सकाळी नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागली की तिशीच्या वर काही धड दिसत नाही.

बुरशीचं म्हणाल तर हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली आणि दुर्बीण अंधाऱ्या कपाटात बंद राहिली की ती लागतेच. कातडी पाकीट सर्वांत वाईट, ते ओल धरून ठेवतं. जून ते सप्टेंबर झाकणाला रबर असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत पन्नास-शंभर ग्रॅम सिलिका जेल आणि वीतभर आकाराचा स्वस्त आर्द्रतामापक. काटा ४० ते ५०मध्ये असू द्या. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये १२० अंशांना दोनेक तास वाळवावेत, थंड झाल्यावर परत डब्यात. भिजलेली दुर्बीण थेट डब्यात कोंडू नका, आधी रात्रभर पंख्याखाली. भिंगावर धूळ असेल तर आधी फुग्याने उडवा, मग मऊ ब्रश, मग कापड. बनियनचा तुकडा आणि तोंडाची वाफ ही जोडी रस्त्यावरच्या धुळीसकट भिंगावरचा थर खरवडते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे भिंगाच्या आत दिसले तर स्वतः स्क्रू उघडू नका: आतला नायट्रोजन निघून जातो, दोन्ही नळ्यांचा मेळ बिघडतो, आणि एक म्हणता दोन प्रतिमा दिसायला लागतात.